डायलला लावलेलं कुलूप

१

नारायण पेठेत दुपारी एक ते चार या वेळात गुन्हासुद्धा होत नाही, असं आम्रपालीबाई ओव्हाळांचं ठाम मत होतं. गुन्हेगार इथलाच असला तर तो झोपलेला असतो, आणि बाहेरचा असला तर त्याला दार कोण उघडणार? म्हणून सोमवारी सकाळी अनिरुद्ध त्यांच्या कोथरूडच्या घरी आला आणि ‘हा फोन काल भर दुपारी आला’ म्हणाला, तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि रेकॉर्डिंग पुन्हा लावायला सांगितलं.

आवाज बाईमाणसाचा होता, पण रजईखालून आल्यासारखा.

“नारायण पेठेत सावली म्हणून मुलींचं वसतिगृह आहे. तिथली एक मुलगी मोबाईलवरच्या कशानेतरी आतून पोखरली गेलीय. दिवाळीला घरी जायच्या आत तिला गाठा, नाहीतर ती राहायची नाही. मी? मी आपली शेजारी राहते. नाव नका विचारू, शपथ आहे.”

एवढंच. फोन सरकारी मदतवाहिनीला आला होता. मनाने थकलेल्या मुलामुलींनी बोलावं म्हणून ती सुरू झाली होती. वाहिनीवरच्या समुपदेशक श्रद्धा यांनी लगेच वसतिगृहात फोन केला. रेक्टरबाईंनी तो उचलला आणि कानांवर हात ठेवले. बाकीच्या दिवाळीला घरी गेल्या, इथे सध्या तीनच मुली आहेत, तिघी माझ्यासमोर बसल्यात, कोणीतरी खोडसाळपणा केला असेल, म्हणाल्या.

“मग खोडसाळपणाच असेल,” आम्रपालीबाई म्हणाल्या.

“तसंच वाटलं असतं, मॅडम. पण समोरचा नंबर स्क्रीनवर दिसतो ना. तो फोन शेजारून आलाच नव्हता. वसतिगृहाच्या स्वतःच्या लँडलाइनवरून आला होता.”

खरी गंमत पुढेच होती. कोवळ्या मुलांच्या डोक्यावर समाजमाध्यमांचा काय परिणाम होतो, याचा विचार करायला सरकारने एक अभ्यासगट नेमला होता. अभ्यासगटाने पुष्कळ विचार करून ‘फोनविश्रांती’ नावाची योजना काढली. निवडक वसतिगृहांत शनिवारी दुपारी मुलींनी मोबाईल कपाटात ठेवायचे आणि सोमवारी सकाळी परत घ्यायचे. प्रत्येक ठिकाणी एक बाहेरचा निरीक्षक. टेलिफोन खात्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेल्या आम्रपालीबाईंच्या वाट्याला सावली आलं होतं. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ असं त्यांनी पहिल्याच बैठकीत ऐकवलं होतं, तरी त्यांचं नाव कोणी खोडलं नाही. अनिरुद्ध हा त्या योजनेचा अधिकारी. वयाने तिशीचा, भाषा अर्धी इंग्रजी, पण मन साफ.

तर रविवारी दुपारी सगळे मोबाईल कपाटात बंद होते. राहिली लँडलाइन. आणि तिच्या डायलला कुलूप होतं, किल्ली रेक्टरबाईंकडे.

“साहेब म्हणतात संध्याकाळपर्यंत काही सापडलं नाही तर खोडसाळ म्हणून क्लोज करा. मॉडेल हॉस्टेल आहे, उगाच बोभाटा नको,” अनिरुद्ध खाली बघत म्हणाला. “पण तिन्ही मुली आज संध्याकाळच्या गाड्यांनी घरी जाणार आहेत. ऑनेस्टली, मला रात्रभर झोप नाही लागली.”

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि आम्रपालीबाईंनी पायात चपला सरकवल्या.

२

दिवाळी तोंडावर आल्यामुळे सावलीला नुकताच नवा रंग दिला होता. आत पाऊल टाकताच नव्या डिस्टेंपरचा वास आला, आणि आम्रपालीबाईंचं मन क्षणभर कुठल्या कुठे गेलं. त्यांच्या लहानपणी टेलिफोन खात्याच्या क्वार्टर्समध्ये दिवाळीच्या आधी असाच वास भरून राहायचा. वडील बादलीत चुना कालवत, आणि भिंतीवरची बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर उतरवून ती पलंगावर नीट झाकून ठेवायचं काम आम्रपालीकडे असे.

जिन्याखालच्या कोनाड्यात तो फोन होता. काळा, जड, गोल डायलचा. रंगाऱ्याने न झाकताच हात फिरवल्यामुळे त्यावर पांढरे ठिपके उडाले होते. डायलच्या एक आकड्याच्या भोकात बोटाएवढं पितळी कुलूप अडकवलेलं. वर पाटी: ‘हा फोन येणाऱ्या फोनसाठी आहे. ज्यांना करायचा असेल त्यांनी बाहेर जावे. परत येताना दार लावावे.’

आम्रपालीबाईंनी त्या कुलपावर हलकेच बोट ठेवलं. त्यांच्या घरच्या फोनलाही असंच कुलूप होतं. वडील खात्यात मेकॅनिक, म्हणून क्वार्टर्समधला एकुलता एक फोन त्यांच्याकडे. अख्खी वसाहत ‘जय भीम, ओव्हाळदादा, एक फोन करू का’ म्हणत यायची. वडील कोणाला नाही म्हणत नसत. मात्र पोरासोरांपासून वाचवायला त्यांनी डायलला कुलूप घातलं होतं. ते दिवस, ती माणसं, तो संध्याकाळचा ओटा. आता तिथे बारा मजली इमारत आहे आणि लिफ्टमध्ये कोणी कोणाकडे बघत नाही.

“खात्याने ही तार अजून तोडली नाही?” त्यांनी विचारलं.

“विसरले असतील,” पाठीमागून आवाज आला. “सरकारी विसरण्यानेच काही गोष्टी टिकतात.”

रेक्टर शर्मिला खळदकर. साठीला टेकलेल्या, कडक इस्त्रीची साडी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. बोलणं तुटक. मुली त्यांना शर्मिलाताई म्हणत आणि घाबरत. डोळे मात्र लाल होते, जागरणाचे. त्यांनी सांगितलं की रविवारी दुपारी आपण पडलो होतो, फोनची किल्ली जुडग्यात होती, जुडगा उशाखाली होता. स्वयंपाकाच्या द्वारकामावशी जेवणं उरकून बिबवेवाडीला लेकीकडे गेल्या होत्या आणि दिवेलागणीला परतल्या. बाहेरचं दार आतून बंद. घरात आपण आणि तीन मुली, दुसरं कोणी नाही.

“म्हणजे तिघींपैकी एकीने केला,” अनिरुद्ध म्हणाला.

“बंद फोनवरून?” शर्मिलाताईंनी उलट विचारलं.



३

मुलींशी बोलणं भोजनगृहात झालं. आधी आली मुक्ताई. बीडकडची, गोरीपान नाही की गोड बोलणारी नाही, अंगात मऊ मरून स्वेटर आणि कपाळाला आठी. सरकारला आमच्या मोबाईलचं पडलंय, मेसच्या पोळ्यांचं कोणी बघत नाही, असं तिने आल्या आल्या सुनावलं. रविवारी दुपारी ती झोपली होती. स्वेटर छान आहे, असं आम्रपालीबाई म्हणाल्या तेव्हा मात्र तिचा चेहरा निवळला. कल्याणीने दिलाय, दिवाळीची भेट म्हणून, म्हणाली.

दुसरी अपेक्षा. ती खुर्चीत बसायच्या आधीच रडायला लागली. आपल्याला डिप्रेशन आलंय, रील टाकलं की लोक बघत नाहीत, आणि हे सगळ्या वर्गाला, मेसला आणि आईला माहीत आहे, असं तिने एका दमात सांगितलं. अनिरुद्धने सूचक नजरेने आम्रपालीबाईंकडे पाहिलं. त्यांनी तिला जिन्याखाली नेलं आणि कुलूप नसतं तर या फोनवरून कसा लावला असतास, ते दाखव म्हणून सांगितलं. अपेक्षाने डोळे पुसले आणि डायलच्या भोकांत बोट घालून आकडे एकामागून एक दाबून पाहिले, बटणं दाबावीत तसे.

“हे प्रेस होत नाहीये. खराब आहे का?”

परत येताना ती मनगट चाचपत होती. घड्याळ नवं दिसतंय म्हटल्यावर तिने सांगितलं की कल्याणीने दिलं, तिला आता नको होतं. शिवाय काल रात्री शर्मिलाताई गादी घेऊन आमच्याच खोलीत झोपायला आल्या, त्यांच्या खोलीत म्हणे रंगाचा वास येतो, त्यामुळे आम्हाला गप्पा मारता आल्या नाहीत, अशीही तक्रार तिने केली.

तिसरी कल्याणी. यवतमाळकडची, डोळ्यांत तेज, ओठांवर हसू. तिने सगळ्यांना शेवचिवडा वाढला. तिला पाहून अनिरुद्धचा चेहरा उजळला. योजना सुरू झाली तेव्हा मंचावर बोलली ती हीच. आणि आज सकाळी बाकी दोघींनी आपापले फोन झडप घालून नेले, हिने नेलाच नाही.

“नकोच वाटते मला तो आता,” ती हसत म्हणाली. “राहू द्या ना तिथेच. तुम्हाला पाहिजे तर तुम्ही घ्या.”

अनिरुद्धने तिचा फोटो काढला. अभ्यासगटाच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर असाच चेहरा हवा होता, म्हणाला. आम्रपालीबाईंनी तिला दिवाळीत काय काय करणार ते विचारलं. फराळ, किल्ला, मैत्रिणी, असं काहीतरी येईल अशी त्यांची कल्पना होती. कल्याणीचं हसू तसंच राहिलं, पण उत्तर आलं ते एका शब्दाचं.

“बघू.”

शेवटी द्वारकामावशी आल्या. मुळशीकडच्या, साठी ओलांडलेल्या. “म्या त्या काळ्या डब्याला हात बी लावत न्हाई. माझी लेक मोबाईल लावून देती, म्या निस्ती बोलती. आन् काल तर म्या लेकीकडं हुते, तिच्या सासूला इचारा.” अनिरुद्धने विचारलं. सासू फोनवर पुष्कळ बोलली आणि त्यातलं कामाचं एवढंच होतं की मावशी तिथे होत्या.

घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. अनिरुद्धच्या मते प्रकरण उघड होतं. संकटात अपेक्षा आहे, आणि फोन तिचाच. त्याने तिच्या आईला कळवायला मोबाईल काढला.

“थांबा,” आम्रपालीबाई म्हणाल्या. “ज्या मुलीला डायल फिरवायचा असतो हे माहीत नाही, तिने कुलपासकट फोन लावला असं म्हणायचंय तुम्हाला?”

४

त्यांनी अनिरुद्धला पुन्हा जिन्याखाली नेलं आणि मोबाईलचा दिवा कुलपावर धरायला लावला. पितळी कुलपाच्या किल्लीच्या भोकात डिस्टेंपरचा एक थेंब जाऊन बसला होता. वाळलेला, अखंड. रंगारी शुक्रवारी गेला. त्यानंतर त्या भोकात किल्ली गेली असती तर थेंब फुटला असता.

“म्हणजे कुलूप उघडलंच नाही,” अनिरुद्ध पुटपुटला. “आणि फोन तर गेला. इम्पॉसिबल.”

“तुमच्या वयाला,” आम्रपालीबाई म्हणाल्या. “तुमचा नंबर सांगा.”

त्याने सांगितला. त्यांनी रिसिव्हर कानाला लावला. आत अजून तोच जुना गुणगुणता सूर होता. मग रिसिव्हर ठेवायच्या जागी जो खटका असतो, त्यावर त्यांनी बोटाने टिचक्या मारायला सुरुवात केली. टक टक टक, जरा थांबणं, पुन्हा टक टक. शून्याला दहा, नवाला नऊ. बोटं म्हातारी झाली होती, पण लय विसरली नव्हती. अनिरुद्ध त्यांच्याकडे जरा काळजीने बघत राहिला.

आणि त्याच्या खिशातला मोबाईल वाजला.

त्याने खिशात हात घातला आणि स्क्रीनवर वसतिगृहाचा नंबर पाहिला.

“डायल फिरवला की तो परत येताना तार तितक्या वेळा तुटते आणि जुळते. हेच खटक्याने केलं की झालं,” आम्रपालीबाई म्हणाल्या. “आमच्या वेळी ज्या ज्या घरात डायलला कुलूप होतं, त्या त्या घरातल्या कार्ट्यांना ही विद्या येत होती. चंपा नावाची माझी मैत्रीण होती. तिला मी रोज संध्याकाळी असाच फोन लावायचे. बोलायचो काय, तर शाळेत जे बोलून झालं तेच.”

तेवढ्यात अनिरुद्धच्या डोक्यात प्रकाश पडला. हे ज्याला येतं, तो माणूस या मुलींच्या वयाचा नाही. आवाजही आठवला. तोंडाशी रुमाल धरून आवाज बदलायचा, ही युक्तीही जुन्या काळचीच. आणि सगळ्यात जुनी गोष्ट म्हणजे ती चूक. ‘शेजारी राहते’ असं बिनधास्त सांगून टाकणारी बाई अशा काळात वाढली होती, जेव्हा फोन कुठून आला हे समोरच्याला कळायची सोय नव्हती. मोबाईलवर नंबर उमटतो, हे तिला ठाऊक होतं. पण हा काळा फोन तिच्या लेखी अजूनही बिनचेहऱ्याचाच होता.

“म्हणजे द्वारकामावशी, किंवा... पण मावशी तर बिबवेवाडीला. आणि रेक्टर मॅडमकडे किल्ली आहे. किल्ली असताना खटका कोण वाजवत बसेल?”

“किल्ली आहे,” आम्रपालीबाई म्हणाल्या, “असं त्या म्हणतात.”

५

शर्मिलाताई ऑफिसात एकट्याच बसल्या होत्या. आम्रपालीबाईंनी सरळ सांगितलं, फोनचं कुलूप उघडून द्या. शर्मिलाताईंनी कमरेचा जुडगा काढला. एक किल्ली पाहिली, दुसरी पाहिली. रंगाने कुलूप अडलं असेल, म्हणाल्या.

“अहो खळदकरबाई, हे कुलूप बोटाएवढं. त्याची किल्ली नखाएवढी असते. तुमच्या जुडग्यात सगळ्या दारांच्या किल्ल्या आहेत.”

शर्मिलाताईंनी जुडगा टेबलावर ठेवला. ती किल्ली कित्येक वर्षांपूर्वीच हरवली होती. संस्थेच्या विश्वस्तांना सांगितलं असतं तर त्यांनी कुलपाची किंमत पगारातून कापून वर सभेत ठराव केला असता. शिवाय बाहेर फोन कोणाला करायचाच नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

“फोन तुम्ही केलात.”

त्यांनी मान हलवली. मग तो कडक इस्त्रीचा आवाज एकदम चुरगळला.

“नाव विचारू नका, ओव्हाळबाई. तिने शपथ घातलीय. कोणाला माझं नाव सांगितलंत तर माझं मेलेलं तोंड बघाल, म्हणाली. एरवी आपण हे किती सहज म्हणतो हो. माझी आई तर चहात साखर जास्त झाली तरी म्हणायची. पण त्या पोरीच्या तोंडून ऐकलं आणि माझी पाचावर धारण बसली. ती खरंच म्हणत होती.”

मुलगी रविवारी सकाळी गच्चीवर एकटीच रडताना त्यांना सापडली होती. काय झालं ते तिने अर्धवट सांगितलं आणि मग ती शपथ. मोबाईलवरून कळवावं तर नंबर उमटणार, आणि मग सरकारी माणसं आधी वडिलांना बोलावणार. वडील शिक्षण बंद करून तिला घरी नेणार, हे मुलीने आधीच सांगितलं होतं. मुलींना टाकून बाहेर जाता येईना. तेव्हा त्यांना काळा फोन आठवला, आणि मामाच्या घरी शिकलेली ती टिचक्यांची विद्या. मदत येईल, नाव कळणार नाही आणि शपथही मोडणार नाही, असा त्यांचा हिशेब. पाचच मिनिटांत त्याच फोनवर उलट फोन आला तेव्हा त्या इतक्या घाबरल्या की सगळंच नाकबूल करून बसल्या. मग गादी उचलून मुलींच्या खोलीत गेल्या, आणि रात्रभर एका पोरीचा श्वास ऐकत राहिल्या.

अनिरुद्धला राहवेना. शपथबिपथ काय घेऊन बसलात, जिवाचा प्रश्न आहे, असं तो बोलून गेला. आम्रपालीबाईंनी त्याला हाताने गप्प केलं. शपथ खुळी होती, हे त्यांनाही कळत होतं. पण त्या खुळेपणाला धरूनच ही बाई रात्रभर जागली होती.

“नाव तुम्ही घेऊ नका. मीही घेत नाही,” त्या म्हणाल्या. “मोबाईलच्या कपाटाला खण आहेत, आणि खणांना आकडे. चला माझ्याबरोबर.”

जिन्याखाली येऊन त्यांनी रिसिव्हर उचलून शर्मिलाताईंच्या हातात दिला. शर्मिलाताईंनी डोळे मिटले. बोट खटक्यावर गेलं.

टक. टक. टक. टक.

बोट थांबलं. अनिरुद्ध कपाटाशी धावला. सगळे खण रिकामे होते. फक्त चौथ्या खणात एक मोबाईल तसाच पडून होता, सकाळपासून कोणी न नेलेला.

आम्रपालीबाईंना नवल वाटलं नाही. फोन न घेणारी मुलगी योजनेचं यश म्हणून मोजली गेली होती. पण या वयाची मुलगी फोनला हात लावत नाही, ती त्याला कंटाळली म्हणून नव्हे, भ्याली म्हणून. तिने स्वेटर दिला, घड्याळ दिलं, फोनही देऊ केला, आणि दिवाळीत काय करणार म्हटल्यावर तिच्याकडे सांगायला काही नव्हतं. घर आवरावं तशी ती आवरत होती. आणि आपण तिचा फोटो काढत होतो.

तेवढ्यात द्वारकामावशी हात पुसत आल्या. “कल्याणी बॅग घिऊन भाईर गेली की. गाडी लवकर हाय म्हनली.”

६

साठी उलटलेली बाई जितक्या वेगाने चालू शकते त्याहून जास्त वेगाने आम्रपालीबाई फाटकाकडे निघाल्या.

कल्याणी फाटकाच्या पायरीवर बसली होती. मांडीवर बॅग, ती अर्धीअधिक रिकामी. रिक्षा येत नव्हती, कारण दुपारचे तीन वाजले होते आणि नारायण पेठ झोपली होती. आम्रपालीबाईंना त्या झोपेचा आयुष्यात प्रथमच आनंद झाला.

त्या तिच्याशेजारी पायरीवर टेकल्या. दम लागला होता.

“ताईंनी सांगितलं,” कल्याणी म्हणाली.

“त्यांनी तुझं नाव घेतलं नाही. त्या फक्त रडल्या.”

कल्याणीचं हसू पहिल्यांदा पुसलं गेलं. तिच्याऐवजी कोणी रडावं याची तिला बहुधा कल्पना नव्हती. थोड्या वेळाने ती आपण होऊन बोलायला लागली. जुन्या शाळेतल्या कोणीतरी तिचा चेहरा लावून घाणेरडी चित्रं बनवली होती आणि तिच्याच नावाने खातं उघडून टाकली होती. रोज नवी, आणि खाली गावातल्या ओळखीच्या माणसांचे शेरे. शनिवार-रविवार फोन नसला की जरा बरं वाटे. मग सोमवारी दोन दिवसांचं सगळं एकदम अंगावर येई. म्हणून आज तिने फोन घेतला नाही.

“तुम्ही सांगितलं फोन ठेवून द्या. ठेवला,” ती म्हणाली. “पण ते तर तिथे चालूच आहे ना. मी पाहत नाही तरी सगळं गाव पाहते. आता घरी जायचं, त्याच गावात.”

यावर अभ्यासगटाने काय म्हटलं होतं, हे आठवायचा अनिरुद्धने प्रयत्न केला. त्याला काही आठवेना. त्याने मोबाईल काढून आधी तिचा सकाळी काढलेला फोटो पुसून टाकला, आणि मग श्रद्धा यांना ताबडतोब यायला सांगितलं. आपण स्वतः तिच्याबरोबर सायबर पोलिसांत येतो, म्हणाला. ते खातं बंद होणं हे आता माझं काम, हेही म्हणाला, आणि या वेळी त्याच्या बोलण्यात एकही इंग्रजी शब्द नव्हता.

आम्रपालीबाईंनी कल्याणीचा हात धरून ठेवला होता. त्यांनी तिला आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. कुलपाची, टिचक्यांची, चंपाची.

“मला वाटायचं, बाबांना काही कळत नाही. ते आपले तिथेच बसून पेपर वाचायचे. मी मोठी झाले, खात्यात लागले, तेव्हा एकदा म्हणाले, तू रोज त्याच पोरीला फोन करायचीस. एक आठवडा टिचक्या ऐकू आल्या नाहीत, तेव्हा मी तिच्या घरी जाऊन आलो होतो, तुमचं भांडण झालं होतं का बघायला. अगं, ते मोजत असायचे. कुलूप लावून ते उठून गेले नाहीत कधी. शेजारी बसून राहिले.”

वडिलांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, आणि आज त्यांची इतकी आठवण का यावी हे त्यांना कळत नव्हतं, किंवा फार चांगलं कळत होतं.

“आम्ही तुमच्या फोनला कुलूप लावलं, पोरी, आणि घरी निघून गेलो,” त्या म्हणाल्या. “चुकलं आमचं.”

कल्याणी तेव्हा रडली. पुष्कळ रडली. शर्मिलाताई मागे उभ्या होत्या. त्या खाली बसल्या आणि त्यांनी तिला पोटाशी घेतलं, इस्त्रीची पर्वा न करता.

श्रद्धा आल्या आणि बराच वेळ तिच्याशी एकट्याच बोलल्या. आज तिला एकटीला प्रवास करू द्यायचा नाही, हे ठरलं. वडिलांना काय आणि कसं सांगायचं ते उद्या पाहू, पण आईला आज कळलं पाहिजे, आणि तिने इकडे यावं, असं श्रद्धा म्हणाल्या. कल्याणी तयार झाली. मात्र आईशी मीच बोलणार, दुसऱ्या कोणी नाही, म्हणाली. अनिरुद्धने आपला मोबाईल पुढे केला. तिने मान हलवली. तसल्या काचेच्या तुकड्याला तिला अजून हात लावायचा नव्हता.

मग आम्रपालीबाई तिला जिन्याखाली घेऊन गेल्या. रिसिव्हर कसा धरायचा, खटका कसा दाबायचा, मध्ये किती थांबायचं, हे दाखवलं. दोनदा ती चुकली. एकदा भलत्याच माणसाने फोन उचलला आणि झोपमोड केल्याबद्दल तिला पुणेरीत सुनावलं. ते ऐकून कल्याणीला हसू फुटलं, आणि ते सकाळच्या हसण्यासारखं नव्हतं. तिने पुन्हा शून्यापासून सुरुवात केली.

शर्मिलाताई समोरच्या खुर्चीवर पेपर उघडून बसल्या, तो उलटा धरला होता तरी. आम्रपालीबाई खिडकीशी जाऊन बाहेर बघत राहिल्या. पाठीमागे टिचक्या वाजत होत्या, आणि त्या प्रत्येक टिचकी मोजत होत्या.

मग टिचक्या थांबल्या. पलीकडे घंटी वाजत राहिली, मग कोणीतरी फोन उचलला.

“आई,” कल्याणी म्हणाली, “मी बोलते. तू ठेवू नको.”